जैवसक्रिय काच

जैवसक्रिय काच किंवा बायोॲक्टिव्ह ग्लास ही शरीरातील द्रवांशी रासायनिक अभिक्रिया करून हाडाशी थेट जोडली जाणारी काच होय. हाडातील पोकळी भरणे व दंतोपचार यांसाठी तिचा वापर होतो.

इतिहास

शरीरात बसवलेल्या अनेक परक्या पदार्थांभोवती तंतुमय ऊतीचे आवरण तयार होते. त्यामुळे हाड त्यांना चिकटत नाही आणि कालांतराने रोपण सैल पडू शकते. व्हिएतनाम युद्धातील जखमी सैनिकांच्या संदर्भात १९६७ मध्ये ही अडचण अमेरिकन पदार्थवैज्ञानिक लॅरी हेंच यांच्यासमोर आली. फ्लॉरिडा विद्यापीठात १९६९ मध्ये त्यांनी तयार केलेली काच उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवण्यात आली. सहा आठवड्यांनंतर ती हाडापासून वेगळी करता आली नाही. हे निष्कर्ष १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले.

घटक

हेंच यांच्या '४५एस५' या काचेत वजनानुसार ४५% सिलिका, २४.५% सोडियम ऑक्साइड, २४.५% कॅल्शियम ऑक्साइड व ६% फॉस्फरस पेंटॉक्साइड असते. खिडकीच्या काचेत सिलिकाचे प्रमाण ७०% हून अधिक असल्याने ती पाण्यात टिकून राहते. याउलट, जैवसक्रिय काच द्रवात हळूहळू विरघळते.

हाडाशी जोड

काचेतील सोडियम आयन बाहेर पडून त्यांची जागा हायड्रोजन आयन घेतात. पृष्ठभागावर सिलिकाचा जेलसारखा थर तयार होतो. त्यावर कॅल्शियम व फॉस्फेट साचून कार्बोनेटयुक्त हायड्रॉक्सीॲपेटाइटचे स्फटिक बनतात. हाडातील खनिज याच प्रकारचे असल्याने कोलॅजेन तंतू व अस्थिपेशी त्या थराशी जोडल्या जातात.

उपयोग व मर्यादा

अमेरिकेत १९८५ मध्ये मध्यकर्णातील अस्थिकांच्या जागी बसवण्याच्या रोपणास मान्यता मिळाली. पुढे हिरड्यांच्या विकारात झिजलेले जबड्याचे हाड भरण्यासाठी काचेचे कण, तर दातांची संवेदनशीलता कमी करण्यासाठी टूथपेस्टमध्ये तिची पूड वापरात आली. फिनलंडमध्ये विकसित झालेली 'एस५३पी४' ही काच हाडांच्या जंतुसंसर्गातही वापरतात. विरघळताना ती परिसर अल्कधर्मी करते व त्यामुळे जिवाणूंची वाढ रोखली जाते.

ही काच ठिसूळ असते. त्यामुळे मांडीच्या हाडासारख्या भार पेलणाऱ्या ठिकाणी केवळ तिच्यावर विसंबता येत नाही; तेथे धातूच्या आधाराची गरज भासते.

महाराष्ट्रातील संशोधन

मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्रात लोह ऑक्साइडयुक्त चुंबकीय जैवसक्रिय काच-सिरॅमिकवर संशोधन झाले आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात असा पदार्थ तापतो. त्या उष्णतेने हाडातील कर्करोगपेशी नष्ट कराव्यात आणि त्याच पदार्थाने हाडाशी जोडही साधावी, ही या संशोधनामागील कल्पना आहे.