दुवा, अवतरण आणि महाजालावरील मराठी संहिता

१९९० नंतरच्या पाचसहा वर्षांत पाश्चात्त्य समीक्षाव्यवहारात संगणकावरील लेखनाविषयी जी चर्चा झाली, तिच्यातील उत्साह आज काहीसा परका वाटतो. जे डेव्हिड बोल्टर यांचा 'रायटिंग स्पेस' हा ग्रंथ १९९१ मध्ये आला, जॉर्ज लँडो यांचा 'हायपरटेक्स्ट' १९९२ मध्ये. त्याच वर्षी कादंबरीकार रॉबर्ट कूव्हर यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ग्रंथविषयक पुरवणीत ग्रंथांच्या अंताची द्वाही फिरवणारा लेख लिहिला. या साऱ्या विवेचनाचा गाभा एकच होता. रोलाँ बार्थ यांनी 'एस/झेड' (१९७०) मध्ये बाल्झाकच्या 'सारासीन' या कथेचे ५६१ वाचनखंड पाडले आणि संहितेला एक केंद्र नसते, तिच्यात अनेक वाटांनी शिरता येते, वाचक हा संहितेचा ग्राहक नसून निर्माता असतो, असे जे प्रतिपादन केले, ते आता संगणकाच्या पडद्यावर साक्षात उतरले आहे, असे या अभ्यासकांना वाटत होते. मायकेल जॉइस यांची 'आफ्टरनून, अ स्टोरी' ही कथा त्यांनी आदर्श मानली. पाचशेहून अधिक खंडांच्या या कथेत वाचक ज्या शब्दाला स्पर्श करील त्यानुसार पुढचा खंड बदलतो. दुवा म्हणजे वाचकाचे स्वातंत्र्य, हे समीकरण त्यातून रूढ झाले.

या मांडणीतील एक गोष्ट त्या काळात फारशी कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. ज्या संहितांवरून हा सिद्धान्त रचला गेला, त्या महाजालावरील नव्हत्याच. 'आफ्टरनून' १९९० मध्ये प्रकाशित झाली ती फ्लॉपीच्या रूपाने. लँडो यांचा अनुभव ब्राउन विद्यापीठातील 'इंटरमीडिया' या प्रणालीचा होता. निधी आटल्यामुळे आणि ज्या संगणकव्यवस्थेवर ती चालत असे तीच बदलल्यामुळे ही प्रणाली १९९१ च्या सुमारास बंद पडली. म्हणजे लँडो यांचा ग्रंथ वाचकांच्या हाती आला, तेव्हा तो ज्या संहितांच्या आधारे लिहिला गेला त्या मूळ रूपात वाचण्याची सोय संपत आली होती. बंद तबकडीतील दुवा तुटत नाही, कारण त्याची दोन्ही टोके एकाच पेटीत असतात. त्यामुळे दुव्याचा विचार झाला तो केवळ वाचकाच्या अंगाने. दुव्याच्या पलीकडच्या टोकाला असलेली संहिता उद्या तेथे असेल काय, हा प्रश्न साहित्यशास्त्राचा प्रश्न म्हणून उपस्थितच झाला नाही. एस्पन आर्सेट यांनी 'सायबरटेक्स्ट' (१९९७) मध्ये वाचकस्वातंत्र्याच्या या कल्पनेची चांगली झडती घेतली खरी. पण त्यांचेही लक्ष संहितेच्या यंत्रणेकडे होते, तिच्या आयुर्मानाकडे नव्हते.

वस्तुतः दुव्याच्या इतिहासात हा प्रश्न आरंभापासून दडलेला आहे. व्हॅनेव्हर बुश यांनी जुलै १९४५ च्या 'अटलांटिक मंथली'त ज्या काल्पनिक यंत्राचे वर्णन केले, त्यात अभ्यासकाने एका नोंदीपासून दुसऱ्या नोंदीपर्यंत पाडलेल्या वाटा टिकून राहतात आणि दुसऱ्याच्या हाती सोपवता येतात. 'हायपरटेक्स्ट' हा शब्द १९६५ मध्ये प्रचारात आणणारे टेड नेल्सन यांनी आपल्या 'झॅनडू' प्रकल्पात दुवा दुहेरी कल्पिला होता. मूळ संहितेला आपला हवाला कोणी दिला हे कळावे, तिची कोणतीही आवृत्ती नष्ट होऊ नये आणि उद्धृत केलेला अंश आपल्या मूळ स्थानाशी कायम बांधलेला राहावा, अशी ती योजना होती. ती पूर्णत्वास गेली नाही. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेत जो प्रस्ताव मांडला आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने जो सर्वांना विनामूल्य खुला केला, त्या महाजालातील दुवा एकेरी आहे. तो देण्यासाठी कोणाची अनुमती लागत नाही आणि पलीकडचे पान हलले तर अलीकडच्या पानाला त्याची वार्ता लागत नाही. महाजालाचा प्रसार इतक्या झपाट्याने झाला तो याच मोकळेपणामुळे, हे मान्य करावयास हवे.

भारतीय साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक वेगळे उदाहरण सहज आठवावे. भट्टनायकाचा 'हृदयदर्पण' आज उपलब्ध नाही. भट्टलोल्लट आणि श्रीशंकुक यांचे नाट्यशास्त्रावरील विवेचनही स्वतंत्रपणे हाती आलेले नाही. तरीही रससूत्राची चर्चा या तिघांवाचून होत नाही, साधारणीकरणाची तर भट्टनायकावाचून होऊच शकत नाही. कारण अभिनवगुप्ताने त्यांची मते आपल्या ग्रंथात उतरवून घेतली. त्यात सहानुभूती होती असे नव्हे. ती खंडनासाठीच घेतली होती. पण खंडन करावयाचे तरी प्रतिपक्ष आधी आपल्या पानावर मांडावा लागतो. अवतरणात निर्देशही असतो आणि वहनही असते. दुव्यात केवळ निर्देश असतो. ('पाहा : हृदयदर्पण' एवढे लिहून पुढे जाण्याची सोय अभिनवगुप्ताला असती, तर मराठीतील रसचर्चेची किती पाने कोरी राहिली असती, याची कल्पना करून पाहावी.)

निर्देश आहे पण वहन नाही, अशा व्यवहाराचे काय होते, याचे दाखले आता मिळू लागले आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत आधारासाठी दिलेल्या महाजालावरील पत्त्यांपैकी सुमारे निम्मे पत्ते मूळ मजकुरापर्यंत पोहोचवीत नाहीत, असे हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१४ च्या सुमारास दाखवून दिले. २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती, असा प्यू संशोधन केंद्राचा २०२४ मधील निष्कर्ष आहे. सामान्य माणसांनी उभारलेल्या असंख्य पानांचे 'जिओसिटीज' हे स्थळ २००९ मध्ये बंद झाले आणि त्यातील जे उरले ते हौशी संग्राहकांनी उतरवून घेतले म्हणून.

मराठीच्या बाबतीत मात्र प्रश्न हरवलेल्या पानांपुरता नाही; सापडलेली पानेही वाचता येत नाहीत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. १९९६ पासून 'मायबोली'सारख्या स्थळांवर परदेशस्थ मराठी भाषक लिहू लागले, मराठी वृत्तपत्रेही हळूहळू महाजालावर येऊ लागली. देवनागरीची प्रमाण संकेतव्यवस्था तेव्हा नव्हती असे नाही. भारतीय मानक संस्थेचे 'इस्की' हे मानक १९९१ चे आहे आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान होते. परंतु वाचकाच्या घरच्या संगणकाला ती समजत नव्हती. विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली ती २००० मध्ये. मधल्या काळात जो मार्ग निघाला तो फॉन्टचा. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवायच्या. पडद्यावर मराठी दिसते, यंत्राच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरांची व चिन्हांची असंबद्ध रांग असते. प्रत्येक संस्थेचा फॉन्ट निराळा, त्यातील आकृत्यांची मांडणीही निराळी.

ही पद्धत खिळे जुळवणाऱ्याच्या हातची होती, हे तिच्या रचनेवरूनच कळते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून ती आधी टाकायची, रफार शेवटी दिसतो म्हणून शेवटी. उच्चाराचा क्रम नव्हे, आकाराचा क्रम. युनिकोडने याच्या उलट, वर्ण उच्चारक्रमाने ठेवला आणि आकृती काढण्याचे काम फॉन्टवर सोपवले. अक्षर म्हणजे ध्वनी की आकृती, हा लिपिविचारातील जुना वाद असा यंत्राच्या पोटात जाऊन बसला. फॉन्टमध्ये बांधलेला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तर त्या फॉन्टचा तक्ता हाती हवा, नाहीतर तो ताडून काढावा लागतो.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात याला एक पूर्वदाखला आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले आणि कित्येक शतके ते बाहेरच्यांना दुर्बोध राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली आणि मराठी गद्याचा आरंभकाळ नव्याने मांडावा लागला. साम्य आहे, पण भेद अधिक बोलका आहे. महानुभावांनी किल्ली हेतुपूर्वक लपवली आणि संप्रदायात जपली. फॉन्टचा तक्ता कोणी लपवला नाही आणि कोणी जपलाही नाही. शिवाय राजवाड्यांपुढे पोथी होती. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'इंटरनेट आर्काइव्ह'सारख्या संस्थेने एखादे जुने मराठी पान जपले असले, तरी त्यासोबत फॉन्टही जपला गेला असेलच असे नाही. मराठीतील महाजालीय लेखनाच्या पहिल्या दशकावर उद्या कोणी प्रबंध लिहू गेले, तर त्याला बहुधा आठवणी आणि मुलाखती मिळतील, संहिता मिळणार नाहीत. आणि संहितेवाचून लिहिलेला वाङ्मयेतिहास हा लेखकांचा इतिहास होतो, लेखनाचा होत नाही.

युनिकोडने हा प्रश्न पुष्कळसा सोडवला, सगळा नव्हे. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतील अर्धा र संगणकात दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण दोन्ही रूपे एकच मानण्याची तजवीज नसेल तर शोधयंत्राला एक सापडते, दुसरे सापडत नाही. 'ॲ'ला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये, आणि महाराष्ट्र शासनाचा प्रमाण वर्णमालेविषयीचा निर्णय निघाला तो ६ नोव्हेंबर २००९ रोजी. शब्दसूची, वारंवारतागणन, शैलीविज्ञान यांसाठी संगणक वापरणाऱ्या अभ्यासकाने हा पाठभेद पोथीतल्या पाठभेदाइतकाच गंभीरपणे घ्यावयास हवा. तो तसा घेतला जात नाही, कारण तो दिसत नाही.

दरम्यान दुव्याचेही स्थान पालटले. १९९८ मध्ये आलेल्या गूगलने दुवा हा वाचनाचा मार्ग न मानता मताधिक्याचा पुरावा मानला. ज्याकडे अधिक दुवे येतात, ते पान वरचे. २००६ नंतर समाजमाध्यमांच्या प्रवाहात वाचक संहितेकडे जाईनासा झाला, संहिताच त्याच्यापुढून वाहू लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आले आणि मे २०२४ मध्ये गूगलने अमेरिकेत शोधाच्या निष्कर्षांच्या माथ्यावर यंत्राने रचलेले सारांश देण्यास आरंभ केला. असंख्य पाने पचवून घडवलेल्या या यंत्राच्या उत्तरात अनेकांचे म्हणणे असते. ते कोणाचे, हे मात्र बहुधा नसते. काही यंत्रणा उत्तरापाशी दुवे जोडतात, तरी वाचकाला त्यांच्यामागे जाण्याचे प्रयोजन उरत नाही. येथे वहन आहे, निर्देश क्षीण आहे. प्रतिपक्षाचे नाव घेऊन त्याचे मत पानावर मांडण्याचा जो शिरस्ता 'अभिनवभारती'त दिसतो, त्याचे एकेक अंग घेऊन महाजालाचे हे दोन कालखंड उभे राहिले, असे म्हणता येईल. १९९२ च्या समीक्षकांनी लेखकाच्या मृत्यूचा दाखला दुव्यात शोधला होता. तो तेथे नव्हता, कारण दुव्याच्या टोकाशी लेखक नेमका उभा असे.

मराठीपुरते बोलायचे तर यंत्राने पचवलेली मराठी ही मुख्यतः युनिकोडमधली मराठी असणार, हे उघड आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया तिच्यात येतो. फॉन्टमध्ये अडकलेले त्याआधीचे लेखन यंत्राला मराठी म्हणून ओळखूच येत नाही. उद्याच्या महाजालाची मराठी कशी असेल याचा अंदाज बांधताना ही उणीव हिशेबात धरावी लागेल. फॉन्टचे ते तक्ते अद्याप काही छापखान्यांतील व वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतील जुन्या संगणकांवर असण्याचा संभव आहे. ते रचणारी माणसेही अजून हयात असतील. विद्यापीठांच्या मराठी विभागांत हस्तलिखितांसाठी निदान कपाटे तरी असतात. या तक्त्यांसाठी ते कपाट कोणते, हे अद्याप ठरलेले नाही.