झुंड

झुंड : नागराज मंजुळे दिग्दर्शित हिंदी चित्रपट (प्रदर्शन ४ मार्च २०२२). ‘फँड्री’ आणि ‘सैराट’नंतर हिंदीत त्यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. मंजुळे सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे (ता. करमाळा). सांगोला-करमाळ्याच्या या दुष्काळी मुलखात पोरे कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेटवर वाढतात. फुटबॉलची गोष्ट मंजुळ्यांना सापडली ती नागपुरात.

कथेला आधार विजय बारसे यांच्या कामाचा. बारसे हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. भर पावसात झोपडपट्टीतली पोरे मोडक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांना दिसली. त्यातून २००१ मध्ये सुरू झालेले काम पुढे ‘स्लम सॉकर’ या नावाने जगभर पोचले. चित्रपटातील विजय बोराडे (अमिताभ बच्चन) त्यांच्यावरूनच घेतला आहे. संगीत अजय-अतुल यांचे. वस्तीतल्या डॉन या पोराच्या भूमिकेसाठी अंकुश गेडाम याला पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

फुटबॉल आणि हाणामारी म्हटले की इंग्लंडचे चित्रपट आठवतात : ॲलन क्लार्क यांचा ‘द फर्म’ (१९८९), लेक्सी अलेक्झांडर यांचा ‘ग्रीन स्ट्रीट’ (२००५). तिथे सामना निमित्ताला असतो. समर्थकांच्या टोळ्या एकमेकांना गाठतात ती मारामारीसाठीच. आपल्याकडे ही ईर्ष्या पाहायची तर कोल्हापूरला जावे. शाहू स्टेडियमवर पेठापेठांतल्या तालमी आणि तरुण मंडळांचे संघ उतरतात, गॅलरीत हलगी कडाडते, आणि एखाद्या निर्णयावरून शेरेबाजीची दगडफेक व्हायला वेळ लागत नाही. संघावर जीव टाकणारा तोच प्रेक्षक त्या दिवशी खेळच बंद पाडतो, हे फार वाईट आहे.

‘झुंड’ची वाट याच्या उलटी. इथल्या पोरांच्या हाती चाकू आधी आला, चेंडू मागाहून. चोऱ्या, नशा, गल्लीतली भांडणे हे त्यांचे रोजचे जगणे. बोराडे त्यांना खेळायचे पैसे देतात; एके दिवशी पैसे संपतात, तरी पोरे खेळायला थांबतात. झुंड हा हिणवणारा शब्द. अशा पोरांना संघ म्हणावे, असा चित्रपटाचा आग्रह आहे. मोनिकाचा (रिंकू राजगुरू) भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो : परदेशी खेळायला जाण्यासाठी पासपोर्ट काढायचा तर ओळखीचा पुरावा हवा, आणि या आदिवासी मुलीचा बाप तो मिळवण्यासाठी दारोदार फिरतो. मारामारीपेक्षा हे कागद जास्त दमवतात.

शेवट विमानतळावर. डॉन तपासणीच्या चौकटीतून जातो, यंत्र वाजते. पुन्हा जातो, पुन्हा वाजते. सवयीने जवळ बाळगलेले पाते टाकून दिल्यावरच त्याला पुढे जाता येते. मग विमान उडते, आणि खाली वस्तीला लागून भिंत दिसते, ओलांडायला सक्त मनाई असल्याची पाटी रंगवलेली.