चालक दंड

चालक दंड : मोटारगाडीच्या दंतचक्र पेटीपासून चाकांपर्यंत परिभ्रमी शक्ती वाहून नेणारा दंड. मागील चाकांना चालना देणाऱ्या गाडीत तो लांब व पोकळ नळीच्या स्वरूपाचा असतो, तर पुढील चाकांना चालना देणाऱ्या गाडीत विभेदी दंतचक्रापासून चाकांकडे जाणारे दोन आखूड दंड असतात. हा दंड कोणत्या द्रव्याचा असावा, हा प्रश्न गाडीची शक्ती वाढविली की नव्याने उपस्थित होतो. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांत बैलगाडीचा कणा, आगगाडीचा आस आणि मोटारगाडीचा चालक दंड हे या प्रश्नाचे तिन्ही टप्पे पहावयास मिळतात.

पूर्वपीठिका : बैलगाडीचा कणा केवळ भार पेलतो, तो शक्ती वाहून नेत नाही. बाभळीचे चिवट लाकूड त्यासाठी फार काळ वापरात होते. लाकडी कणा झिजतो, करकरतो व चिरत जातो. त्यामुळे मोडण्यापूर्वी तो बहुधा इशारा देतो. पुढे त्याची जागा लोखंडी कण्याने घेतली.

पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५८ मध्ये दौंडवरून दिकसाळपर्यंत गेला आणि १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाल्यावर दौंड हे महत्त्वाचे प्रस्थानक बनले. याच काळात यूरोपात लोखंडी आसाविषयी एक गंभीर अनुभव आला होता. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समधील व्हर्साय येथून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या एंजिनाचा आस मोडून ५० हून अधिक प्रवासी मृत्यू पावले. सुस्थितीत दिसणारा आस नेहमीच्याच भाराखाली का मोडावा, याचा उलगडा जर्मन अभियंते आउगुस्ट व्होलर यांनी १८७० पर्यंत केलेल्या प्रयोगांतून झाला. एकदाच दिलेल्या मोठ्या भाराने न मोडणारी धातू त्याहून पुष्कळ लहान भार लाखो वेळा उलटसुलट दिल्यास मोडते; मात्र एका ठराविक मर्यादेखालील भार पोलाद जवळजवळ अमर्याद काळ सोसते, असे त्यांना आढळले. या आविष्कारास धातूची शिणवट म्हणतात. ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूंना अशी स्पष्ट मर्यादा नसते, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

मोटारगाडीतील विकास : आरंभीच्या अनेक मोटारगाड्यांत चाके साखळीने फिरविली जात. १८९८ मध्ये ल्वी रनो यांनी आपल्या गाडीत दंडाने चालना देण्याची योजना केली. क्लॅरेन्स स्पायसर यांच्या सार्वत्रिक सांध्याच्या एकस्वानंतर (१९०३) ही पद्धत रूढ झाली. १९०८ च्या फोर्ड ‘मॉडेल टी’ गाडीत व्हॅनेडियमयुक्त मिश्रपोलादाचा वापर करण्यात आला. १९५९ च्या ब्रिटिश ‘मिनी’ गाडीने एकसमान वेगाच्या सांध्यांच्या साहाय्याने पुढील चाकांना चालना देणे लहान गाड्यांत लोकप्रिय केले. इटलीतील फियाट कंपनीने ‘फियाट १२८’ (१९६९) या गाडीत आडवे एंजिन व त्याच्याच रेषेत दंतचक्र पेटी अशी मांडणी स्वीकारली. पुढे ती जगभर रूढ झाली. कार्बन तंतूंच्या संमिश्राचा लांब दंड २००२ मध्ये निघालेल्या निसान ‘३५० झेड’ या क्रीडागाडीत बसविण्यात आला होता.

द्रव्याची निवड : दंडास दोन कसोट्या लागू होतात. पहिली पीळ सोसण्याची व दुसरी क्रांतिक वेगाची. लांब दंड एका विशिष्ट वेगाला धनुष्यासारखा वाकून थरथरू लागतो व तुटू शकतो. हा त्याचा क्रांतिक वेग होय. तो दंडाच्या व्यासाच्या सम प्रमाणात व लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो आणि द्रव्याचा स्थितिस्थापकता गुणांक व घनता यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. पोलादाचा गुणांक ॲल्युमिनियमाच्या सु. तिप्पट आहे, पण घनताही सु. तिप्पट आहे. त्यामुळे हे गुणोत्तर दोहोंचे जवळजवळ सारखेच, व टिटॅनियमाचेही त्याच्या निकट येते. १.५ मी. लांब व ७५ मिमी. व्यासाच्या पातळ पोलादी नळीचा सैद्धांतिक क्रांतिक वेग मिनिटास सु. ५,७०० फेरे येतो. तीच नळी ॲल्युमिनियमाची केल्यास तो सु. ५,६५० येतो. म्हणजे केवळ धातू बदलल्याने क्रांतिक वेग वाढत नाही. ॲल्युमिनियमाचा लाभ एवढाच की, फारसे वजन न वाढविता नळी रुंद करता येते. त्याच्या वितळजोडाजवळ मात्र उष्णतेमुळे बळकटी घटते. कार्बन तंतूंचे संमिश्र हलके व ताठ असल्याने त्याचा क्रांतिक वेग जास्त ठेवता येतो. तथापि ते महाग असते आणि दगडाच्या आघाताने त्याच्या थरांना होणारी इजा बाहेरून दिसेलच असे नाही. दंडाचे दोन तुकडे करून मध्ये धारवा बसविणे हा जुना उपाय अनेकदा स्वस्त व पुरेसा ठरतो.

रांजणगावचे उदाहरण : शिरूर तालुक्यातील रांजणगाव गणपती हे अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान. येथील औद्योगिक क्षेत्रात फियाटचा कारखाना असून २००७ पासून तो टाटा मोटर्सबरोबरच्या संयुक्त कंपनीकडे आला. ‘पुंटो’ या नेहमीच्या गाडीची ‘अबार्थ’ नावाची जलद आवृत्ती येथे २०१५ पासून तयार होऊ लागली. तिचे १.४ लिटर क्षमतेचे एंजिन १४५ अश्वशक्ती व २१२ न्यूटन-मीटर पीळ देई. फियाट नाममुद्रेच्या गाड्यांची भारतातील विक्री २०१९ च्या सुमारास थांबली.

अशा गाडीत प्रश्नाचे स्वरूपच पालटते. पहिल्या गतीत दंतचक्रांचे एकूण गुणोत्तर उदाहरणादाखल १४ धरल्यास दोन्ही दंडांवर मिळून सु. ३,००० न्यूटन-मीटर, म्हणजे प्रत्येकी सु. १,५०० न्यूटन-मीटर पीळ येतो. उलट ताशी १८० किमी. वेगालाही १.९५ मी. परिघाचे चाक मिनिटास सु. १,५४० फेरेच घेते. दंड आखूड व मंदगती असल्याने क्रांतिक वेगाची चिंता उरत नाही. चिंता उरते ती पीळ व शिणवट यांची. म्हणून येथे पृष्ठभाग कठीण केलेले मिश्रपोलादच श्रेयस्कर ठरते. याच कारखान्यात २०१७ पासून तयार होणाऱ्या जीप ‘कंपास’च्या चारही चाकांना चालना देणाऱ्या प्रकारात मागील चाकांकडे जाणारा लांब दंडही असतो, तेथे दोन्ही कसोट्या एकदम लागू होतात.

सुरक्षितता : एंजिनाची शक्ती वाढवून दंड मात्र मूळचाच ठेवणे धोक्याचे असते, कारण शिणवटीने होणारा भंग सूचना न देता होतो. लांब दंडाचा पुढील सांधा तुटल्यास दंड रस्त्यात रुतून गाडी उसळू शकते. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत त्याभोवती पोलादी संरक्षक कडे बसवितात. सार्वजनिक रस्त्यावरील वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्बंध आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्या इतरांचा जीवही त्या दंडावर अवलंबून असतो, हे त्यामागील एक कारण होय.