संमतिवयाचा वाद आणि स्त्री-डॉक्टरांची साक्ष

१८८६ सालच्या मार्च महिन्यांत आनंदीबाई जोशी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. ही निवड केवळ योगायोगाची नसावी. नवव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें, चौदाव्या वर्षीं मुलगा झाला, आणि तो दहा दिवसांतच गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळती तर तें मूल वांचतें, हा सल त्यांना सातासमुद्रांपलीकडे घेऊन गेला. पुढच्याच वर्षीं, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यांत त्यांचें देहावसान झालें. त्या वेळीं त्यांना बावीस वर्षेंहि पुरीं झालेलीं नव्हतीं.

त्यानंतर चार वर्षें लोटतात न लोटतात तोंच याच पुण्यांत मुलींच्या वयावरून असा वाद पेटला कीं, जुने स्नेह तुटले, सभा उधळल्या गेल्या आणि वर्तमानपत्रांचे रकाने महिनोंमहिने तापत राहिले. बेहरामजी मलबारी यांनीं १८८४ सालींच बालविवाहावर टिपणें प्रसिद्ध केलीं होतीं. परंतु ठिणगी पडली ती कलकत्त्याच्या एका खटल्यामुळें. १८८९ सालीं तेथें फुलमणी नांवाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या अत्याचारानें मरण पावली. पती तिच्याहून कितीतरी थोर, पस्तिशीच्या घरांतला. कायद्यानें ठरविलेली मर्यादा दहा वर्षांची, आणि मुलगी ती ओलांडून गेलेली; म्हणून बलात्काराचा आरोप टिकला नाहीं. बेफिकिरीनें गंभीर इजा केल्याबद्दल एक वर्षाची सक्तमजुरी एवढीच शिक्षा १८९० सालीं झाली. ही मर्यादा दहावरून बारावर न्यावी असें विधेयक सर अँड्र्यू स्कोबल यांनीं जानेवारी १८९१ मध्यें मांडलें.

पुण्यांतील वादाचा मुख्य मुद्दा मात्र फुलमणी नव्हता. तो होता गर्भाधानसंस्कार. प्रथम ऋतु प्राप्त होतांच हा संस्कार झालाच पाहिजे काय, आणि परक्या सरकारनें आमच्या धर्मांत हात घालावा काय, हे दोन प्रश्न लोकमान्य टिळकांनीं पुढें केले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं विवाहवयावर स्वतंत्र पुस्तिका लिहून, शास्त्रांत विलंबास वाव आहे असें वचनांच्या आधारें दाखविलें. आगरकरांनीं 'सुधारका'तून विधेयकाची बाजू घेतली. शास्त्रवचनापेक्षां बुद्धीस पटेल तें मानावें हा त्यांचा नेहमींचा बाणा. गमतीची गोष्ट अशी कीं, याच टिळकांनीं १८९० सालीं सुधारकांपुढें जीं कलमें ठेविलीं, त्यांत मुलीचें लग्न सोळा वर्षांच्या आंत करूं नये असें एक कलम होतें. सरकार बारा म्हणत होतें आणि विधेयकाचे विरोधक सोळा! त्यांचा झगडा वयाशीं कमी आणि वय ठरविण्याच्या अधिकाराशीं अधिक होता. त्या भूमिकेंत राजकीय तथ्य नव्हतें असें नाहीं. परंतु हा अधिकार कोणाचा हें ठरेपर्यंत घरांतल्या मुलीनें काय करावें, याचें उत्तर त्यांत सांपडत नाहीं.

या गदारोळांत एक कागद मात्र वेगळा होता. डॉ. मोनेल मॅन्सेल यांच्या पुढाकारानें हिंदुस्थानांत काम करणाऱ्या पंचावन्न स्त्री-डॉक्टरांनीं व्हाइसरॉयकडे अर्ज केला आणि मर्यादा चौदा वर्षांची करावी अशी मागणी केली. अर्जासोबत त्यांनीं आपल्या हाताखालून गेलेल्या तेरा मुलींच्या हकीकती जोडल्या. कोणी मेली होती, कोणी जन्माची पंगू झाली होती. परपुरुष वैद्याला माजघरांत प्रवेश नव्हता; त्यामुळें ही साक्ष स्त्री-डॉक्टरांखेरीज दुसरें कोणी देऊं शकत नव्हतें. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांनींहि १८९० सालीं हिंदु समाजापुढें बालविवाहावर जाहीर भाषण केलें.

उष्ण हवेच्या देशांत मुली लवकर वयांत येतात, असा त्या वेळचा ठराविक युक्तिवाद होता. परंतु ऋतुप्राप्ति म्हणजे बाळंतपणाची तयारी नव्हे. कटिबंधाचीं हाडें त्यानंतरहि कांहीं वर्षें वाढत असतात. तीं पुरीं वाढण्यापूर्वीं प्रसूतीची वेळ आली तर मूल अडतें. दोन-दोन, तीन-तीन दिवस कळा चालतात, मूल बहुधा हातीं लागत नाहीं, आणि आई वांचली तरी मूत्राशयास छिद्र पडून तिचें लघवीवरचें नियंत्रण कायमचें जातें. अशी मुलगी नवऱ्याच्याच नव्हे तर माहेरच्या घरालाहि नकोशी होते. आफ्रिकेंत हा रोग आजहि आहे. इथियोपियाच्या राजधानींत हॅमलिन डॉक्टर दांपत्यानें १९७४ सालीं केवळ अशाच स्त्रियांसाठीं रुग्णालय काढलें. तेथें खाटेवर पडलेली मुलगी आणि १८९० च्या अर्जांतली मुलगी यांच्या दुखण्यांत फारसा फरक नाहीं.

विधेयक १९ मार्च १८९१ रोजीं मंजूर झालें. बारा वर्षांची मर्यादा कागदावर आली आणि बहुतेक कागदावरच राहिली. कारण पतीविरुद्ध फिर्याद करणार कोण? बदल घडला तो दुसऱ्या वाटांनीं. १८८४ मध्यें निघालेली हुजूरपागेची शाळा, १८९६ मध्यें कर्व्यांनीं विधवांसाठीं काढलेला आश्रम, आणि १९०९ पासून रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या सेवासदनांत तयार होऊं लागलेल्या परिचारिका व सुइणी, या संस्थांनीं मुलीला घराबाहेर पडण्यास एक प्रतिष्ठित कारण दिलें. शिक्षण लांबलें कीं लग्नहि लांबे.

मग बायका स्वतःच बोलूं लागल्या. जानेवारी १९२७ मध्यें फर्ग्युसन कॉलेजांत अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. परिषद शिक्षणासाठीं बोलाविलेली, परंतु बालविवाहाचा विषय टाळतां येईना. पुढच्याच वर्षीं सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारी समिति नेमली गेली. तिच्यांत रामेश्वरी नेहरू होत्या, एक स्त्री-डॉक्टरहि होत्या, आणि प्रांतोप्रांतीं फिरून तिनें शेंकडों साक्षी घेतल्या. अडतीस-एकोणचाळीस वर्षांपूर्वीं जी हकीकत अर्जाच्या पुरवणींत होती, ती आतां अहवालाच्या गाभ्यांत आली. सारडा कायदा १९२९ मध्यें झाला. तो १ एप्रिल १९३० पासून अमलांत यावयाचा होता, तेव्हां मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची अशी झुंबड उडाली कीं, १९३१ च्या खानेसुमारींत बालवधूंची संख्या कमी होण्याऐवजीं वाढलेली दिसली.

मुलीच्या लग्नाची मर्यादा १९७८ पासून अठरा वर्षांची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं २१.९ टक्के स्त्रियांचें लग्न अठराच्या आंत झालेलें आढळलें. आतां कारण गर्भाधानाचें नाहीं. ऊसतोडणीस नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल कोयत्यावर मिळते. शिवाय आईबाप सहा महिने फडावर गेले म्हणजे वयांत आलेली मुलगी गांवीं कोणाच्या भरंवशावर ठेवावी, हा प्रश्न असतोच. पैठण तालुक्यांतील पाचोड येथील आरोग्य-व्यवस्थापन संस्थेनें अविवाहित मुलींसाठीं संध्याकाळचे वर्ग चालविले. त्यांत आरोग्य शिकविलें, बँकेंत व पोस्टांत जाणें शिकविलें, घरांत बोलावें कसें तेंहि शिकविलें. त्या गांवांतील मुलींचीं लग्नें पुढें उशिरा होऊं लागलीं, असें संस्थेच्या पाहणींत दिसून आलें. वर्ग रोज एक तासाचा असे.