कोष्टकांचा वारसा : पोस्टग्रेसमधील एका कल्पनेचा इतिहास

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहितीसंग्रहाचे जे संबंधाधिष्ठित प्रतिमान मांडले, त्यात एक कोष्टक दुसऱ्याचे अपत्य असू शकते, ही कल्पना नव्हती. मायकेल स्टोनब्रेकर व लॉरेन्स रो यांनी १९८६ मध्ये बर्कली येथे पोस्टग्रेसचा आराखडा प्रसिद्ध केला, त्यात ती आढळते.

तिचे स्वरूप माहितीपुस्तकातील नेहमीच्या उदाहरणावरून ध्यानी येईल. ‘नगरे’ या कोष्टकात नाव व लोकसंख्या हे स्तंभ आहेत. ‘राजधान्या’ हे त्याचे अपत्य. त्यास हे स्तंभ आपोआप लाभतात व ‘राज्य’ हा स्तंभ अधिक जोडला जातो. नोंदी मात्र ज्याच्या त्याच्या कोष्टकातच राहतात. नगरांची यादी मागितली असता यंत्रणा दोन्ही कोष्टके चाळते. वारसा हा शब्द येथे काहीसा उलटा पडतो. आपल्याकडे बापाचे धन मुलाकडे जाते. येथे मुलाची मिळकत बापाच्या हिशेबात धरली जाते.

ही मिळकत न सांगता धरावी काय, याविषयीही मतांतर झाले. प्रारंभी अपत्यांच्या नोंदी हव्या असल्यास कोष्टकाच्या नावापुढे तारका लिहावी लागे. २००१ मधील ७.१ या आवृत्तीपासून त्या आपोआप येऊ लागल्या, आणि केवळ जनक-कोष्टक हवे असल्यास ‘ओन्ली’ लिहिणे आवश्यक झाले.

खरा दोष अन्यत्र आहे. स्तंभांबरोबर मूल्ये तपासणारे नियमही अपत्याकडे जातात. एकमेवत्वाचा निर्बंध व परकीय कळ जात नाहीत. एकमेवत्वाचा रखवालदार म्हणजे निर्देशांक, आणि तो एकाच कोष्टकापुरता असतो. त्यामुळे ‘नगरे’मधील नाव ‘राजधान्या’मध्ये पुन्हा येऊ शकते. याहून विचित्र प्रकार असा, की विस्कॉन्सिनची राजधानी मॅडिसन नगरांच्या यादीत दिसते. पण हवामानाचे कोष्टक परकीय कळीने ‘नगरे’शी जोडलेले असल्यास त्यात मॅडिसनची नोंद करू गेल्यास असे नगरच नाही म्हणून ती नाकारली जाते!

एवढे असूनही ही कल्पना टिकली, ती एका निराळ्याच उपयोगामुळे. प्रचंड कोष्टकाचे महिनावार तुकडे करून ते अपत्ये म्हणून ठेवण्याची रीत पडली. अनावश्यक तुकडे वगळण्याची सोय २००५ मधील ८.१ आवृत्तीत आली. २०१७ मधील दहाव्या आवृत्तीने विभागणीस स्वतंत्र विधान दिले. पुढील वर्षीच्या अकराव्या आवृत्तीत, विभागणीचे स्तंभ अंतर्भूत असल्यास, सर्व विभागांवर एकमेवत्वाचा निर्बंध घालता येऊ लागला. साध्या वारशास हा लाभ झालेला नाही.