अमेरिकेचा अध्यक्ष कोण निवडतो?

अमेरिकेचा अध्यक्ष कोण निवडतो, असे कोणास विचारले तर ‘तेथील जनता’ हे उत्तर बहुधा तत्काळ मिळते. ते अर्धेच खरे आहे. अमेरिकेचा मतदार आपल्या राज्याचे निर्वाचक निवडतो आणि ते निर्वाचक अध्यक्षाची निवड करतात. प्रतिनिधिगृहात राज्याचे जितके सभासद, त्यांत सेनेटचे दोन मिळवून होतात तितके निर्वाचक त्या राज्यास असतात. आज त्यांची एकूण संख्या 538 आहे. 270 मिळविणारा अध्यक्ष होतो. मेन व नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली, तर राज्यात ज्यास सर्वांत अधिक मते पडतात त्याच्याच पदरात तेथील सगळे निर्वाचक पडतात. त्यामुळे देशभर कमी मते मिळविणारा उमेदवारही अध्यक्ष होऊ शकतो. 1876, 1888, 2000 आणि 2016 साली तसेच घडले. 2016 साली हिलरी क्लिंटन यांस 28 लाखांहून अधिक मते जास्त पडली, आणि अध्यक्ष मात्र डोनाल्ड ट्रम्प झाले.

आपल्या राष्ट्रपतींची निवडही अप्रत्यक्षच होते. परंतु आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, तर अमेरिकेचा अध्यक्ष स्वतः कारभार हाकतो. म्हणून तेथे या प्रश्नाला निराळीच धार आहे. इतकी उघड विसंगती दोन शतकांहून अधिक काळ का टिकली? इतिहासात शोधू गेल्यास जे उत्तर आम्हांस मिळते, ते लोकशाही चालविणाऱ्या कोणत्याही समाजाने ध्यानी घेण्याजोगे आहे.

1787 साली फिलाडेल्फिया येथे घटना तयार होत असताना जेम्स विल्सन यांनी अध्यक्ष थेट जनतेने निवडावा, अशी सूचना केली होती. जेम्स मॅडिसन यांसही ते तत्त्व मान्य होते. पण त्यांनी अडचण बोलून दाखविली. दक्षिणेत गुलामांची संख्या मोठी, गुलामांस मत नाही. तेव्हा थेट निवडणुकीत दक्षिणेचे वजन पडणार नाही. निर्वाचकांच्या पद्धतीने ही अडचण सोडविली. प्रतिनिधिगृहाच्या जागा ठरविताना पाच गुलामांची गणना तीन माणसांइतकी होई, आणि तोच हिशेब निर्वाचकांसही लागू झाला. 1800 च्या शिरगणतीत पेनसिल्व्हानियाची स्वतंत्र प्रजा व्हर्जिनियाहून अधिक होती. तरी 1804 च्या निवडणुकीत व्हर्जिनियास 24 निर्वाचक आणि पेनसिल्व्हानियास 20! ज्यांस मत नव्हते त्यांच्या माथी मोजून त्यांच्या धन्यांचे बळ वाढविले गेले.

सगळे निर्वाचक एकाच्याच पदरात टाकण्याची रीत मात्र घटनेत नाही. ती पक्षांच्या चढाओढीतून आली. 1800 साली जेफर्सन यांस एकही निर्वाचक गमवावा लागू नये म्हणून व्हर्जिनियाने ती स्वीकारली. एकाने केले म्हणून दुसऱ्यास करणे भाग पडले, आणि 1836 पर्यंत दक्षिण कॅरोलायना वगळता सर्वत्र तीच रूढ झाली.

सुधारणेचा घास अगदी ओठाशी आला तो 1969 साली. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत वर्णभेदाचे कट्टर समर्थक जॉर्ज वॉलेस यांनी 46 निर्वाचक मिळविले होते. कोणासच बहुमत मिळू द्यावयाचे नाही आणि मग सौदा करावयाचा, हा त्यांचा बेत थोडक्यात फसला. त्या धास्तीने दोन्ही पक्ष जागे झाले. सेनेटर बर्च बाय यांनी थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती पुढे रेटली. कोणासही 40 टक्के मते न मिळाल्यास पहिल्या दोघांत पुन्हा मतदान घ्यावे, अशी तीत तरतूद होती. 18 सप्टेंबर 1969 रोजी प्रतिनिधिगृहाने ती 338 विरुद्ध 70 मतांनी संमत केली. अध्यक्ष निक्सन यांनीही पाठिंबा दिला.

घोडे अडले ते सेनेटमध्ये. दक्षिणेकडील आणि लहान राज्यांतील काही सेनेटरांनी भाषणे लांबवीत ठराव मतास येऊच दिला नाही. सप्टेंबर 1970 मध्ये चर्चा आवरण्याचा ठराव दोनदा आला. पहिल्या वेळी 54 विरुद्ध 36, दुसऱ्या वेळी 53 विरुद्ध 34 मते पडली. दोन्ही वेळा बहुमत सुधारणेच्या बाजूचे होते. पण लागत होती दोन तृतीयांश मते.

पुढे 10 जुलै 1979 रोजी ठराव अखेर मतास आला. 51 अनुकूल, 48 प्रतिकूल. म्हणजे पुन्हा अपुरा. आणि या खेपेस विरोधकांत कोण होते? कृष्णवर्णीयांचे पुढारी व्हर्नन जॉर्डन! मोठ्या राज्यांतील चुरशीत आपल्या समाजाच्या मतांस जे मोल येते ते थेट निवडणुकीत नाहीसे होईल, अशी त्यांस भीती होती. ज्या पद्धतीचा उगम गुलामगिरीच्या हिशेबात, तिच्या रक्षणास नऊ वर्षांच्या अंतराने वर्णभेदाचे कैवारी आणि गुलामांचे वंशज असे दोघेही उभे राहिले!

जुन्या पद्धतीच्या बाजूने बोलण्याजोगे काहीच नाही, असे आम्ही म्हणत नाही. अमेरिका हे राज्यांचे संघराज्य आहे आणि राज्यांस निवडणुकीत स्थान असावे, हा युक्तिवाद प्रामाणिक आहे. परंतु व्यवहारात उमेदवारांचे लक्ष चुरशीच्या मोजक्या राज्यांकडेच लागते. लहान राज्येही बहुधा उपेक्षितच राहतात.

2006 पासून सुधारकांनी नवी वाट धरली आहे. देशभर ज्यास अधिक मते पडतील त्यासच आपले निर्वाचक द्यावयाचे, असा करार राज्यांनी आपसांत करावा आणि करारातील राज्यांचे निर्वाचक 270 झाले की तो अमलात यावा, अशी ही योजना आहे. 2007 साली मेरिलँडने आरंभ केला. 2024 साली मेन सामील झाले तेव्हा बेरीज 209 झाली होती. पण तोवर सामील झालेली राज्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकणारी होती. साहजिकच प्रतिपक्षास यात डाव दिसतो.

हा हिशेब कितपत भरवशाचा? 2004 साली ओहायो राज्यात सुमारे 60 हजार मते फिरली असती, तर देशात 30 लाख मतांनी मागे असलेले डेमोक्रॅट जॉन केरी अध्यक्ष झाले असते. 2024 साली ट्रम्प यांस देशभरातील मतेही अधिक पडली. आज जी पद्धत आपल्या लाभाची वाटते ती उद्या आपल्यावरच उलटू शकते.

आमच्या मते या कहाणीचे सार हेच आहे. सुधारणा अडली ती बहुमत नव्हते म्हणून नव्हे. प्रत्येकाने न्यायाआधी आपला नफातोटा मोजला म्हणून. निवडणुकीचे नियम ठरविताना आपण जिंकणार की हरणार हे क्षणभर विसरता आले पाहिजे. ज्या देशाने लोकराज्याचा इतका उद्घोष केला, त्यासही एका माणसाचे मत दुसऱ्याच्या मताइतकेच आहे, एवढी साधी गोष्ट अध्यक्षाच्या निवडणुकीपुरती अजून साधलेली नाही.