पडद्याआडच्या अशिलांच्या वकील

छत्रपती संभाजीनगर येथें १९८१ सालापासून मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ आहे. विधवेच्या पोटगीचा किंवा पोरक्या मुलाच्या ताब्याचा प्रश्न आज तेथें स्त्री-वकिलांच्या मुखानेंही न्यायासनापुढें जातो. हें दृश्य आम्हांस इतकें परिचित झालें आहे कीं, ही वाट तुडविणाऱ्या पहिल्या बायकांपैकीं एक आपल्या नाशिकांत जन्मली होती, याचें स्मरण क्वचितच होतें.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ सालचा. वडील पारशी कुळांतून ख्रिस्ती धर्मांत आलेले. आईनें पुण्यांत शाळा चालविली. डेक्कन कॉलेजांतून बाई पहिल्या वर्गांत पदवीधर झाल्या. परंतु विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ति, केवळ स्त्री म्हणून, त्यांना नाकारण्यांत आली. तेव्हां विलायतेंतील स्नेह्यांनीं वर्गणी जमविली व १८८९ सालीं त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ सालीं त्यांनीं तेथील कायद्याची परीक्षा दिली. पण स्त्रियांना पदवी देण्याची चाल नसल्यामुळें ती हातीं येण्यास १९२२ साल उजाडलें.

बाईंचें खरें कार्य मात्र त्या पदवीची वाट पाहात थांबलें नाहीं. जमीनदाराच्या मागें अल्पवयी वारस किंवा विधवा उरली म्हणजे इस्टेट सरकारच्या ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’कडे जाई. कागदोपत्रीं व्यवस्था चोख. परंतु अधिकारी पुरुष आणि मालकीण पडद्यांत! कारभारी किंवा नातलग सांगतील तेंच तिचें म्हणणें. आपल्या अंगठ्याच्या निशाणीवर काय लिहिलें आहे, हें तिला कोण सांगणार? आणि वारसाच्या मरणांत ज्यांचा लाभ, त्यांच्याच हातून त्या लेकराला घांस मिळावयाचा! १९०४ सालीं बंगाल सरकारनें या कामीं बाईंची नेमणूक केली. पुढें बिहार, ओरिसा व आसाम हे प्रांतही त्यांच्याकडे आले. सुमारें वीस वर्षांत ६०० च्या आसपास स्त्रियांना व मुलांना त्यांनीं साहाय्य केलें. पोटगी, वारसा, मुलांचें शिक्षण, घरांतील तंटे, सर्वच त्यांच्या कक्षेंत येई.

१९२३ च्या कायद्यानें स्त्रियांना वकिलीचें दार उघडलें, तेव्हां बाईंचें वय सत्तावन्नाच्या घरांत होतें. कलकत्त्यास १९२९ पर्यंत त्यांनीं वकिली केली. १९५४ सालीं लंडन येथें त्यांचा अंत झाला.

त्यांचें राजकारण आम्हांस मान्य होण्याजोगें नाहीं. त्या इंग्रजी राज्याच्या कैवारी होत्या. गांधीजींच्या चळवळीस त्यांनीं विरोध केला आणि मिस मेयोची बाजू घेतली. स्वदेशीय सुधारक त्यांच्यापासून दुरावले, यांत नवल नाहीं. परंतु या दोषाखालीं त्यांचें कार्य गाडून टाकणें हाही अन्यायच होय.

कारण त्यांनीं ओळखलेलें व्यंग अद्याप गेलेलें नाहीं. कायदा असतो, कचेरी असते. पण दुबळा माणूस आणि ती कचेरी यांच्यामध्यें एक उंबरठा असतो. पडदा गेला, तरी मराठवाड्यांतून दर हंगामास ऊसतोडीच्या फडावर आईबापांमागें जाणाऱ्या मुलांपुढें तो उंबरठा आजही आहे. तीं मुलें न्यायालयापर्यंत आपण होऊन येणार नाहींत. त्यांच्या कोपीपर्यंत कायद्यानेंच चालत गेलें पाहिजे, आणि त्यासाठीं कायदा जाणणारें माणूस आधीं तेथें गेलें पाहिजे.